प्रथिन धरून ठेवणारा पृष्ठभाग : आयनद्रायूचा एक उपयोग

ठाण्याच्या वर्तकनगरासारख्या वस्तीत अवटू ग्रंथीच्या विकाराची शंका आलेल्या रुग्णाचे रक्त घेतले जाते, ते प्रयोगशाळेकडे पाठविले जाते, आणि एकदोन दिवसांत त्याच्या हाती एक आकडा पडतो. त्या आकड्यावरून गोळीची मात्रा वाढवावयाची की कमी करावयाची हे वैद्य ठरवितात. या आकड्याच्या मुळाशी पुष्कळदा प्लॅस्टिकच्या एखाद्या नळीला, वाटीला किंवा मण्याला चिकटून राहिलेला प्रथिनाचा एक अतिशय पातळ थर असतो, हे सांगितले तर सामान्य वाचकास नवल वाटेल. तो थर नीट बसला नसेल तर पुढची सारी उपकरणे कितीही सूक्ष्म असोत, उत्तर चुकते. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाने प्रथिनास कसे धरावे हा प्रश्न म्हणूनच केवळ पुस्तकी नाही. आयनद्रायूच्या, म्हणजे ज्यास इंग्रजीच्या अनुकरणाने आपण प्लाझ्मा म्हणतो त्याच्या साहाय्याने हा पृष्ठभाग कसा बदलता येतो आणि त्या बदलापासून नेमका काय लाभ होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम चाचणीचे तत्त्व पाहू. रक्तातील एखाद्या हॉर्मोनचे प्रमाण इतके अल्प असते की साध्या रासायनिक पृथक्करणाने ते हाती लागत नाही. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी सन १९६० च्या सुमारास यावर जो उपाय शोधला तो असा की, त्या हॉर्मोनलाच ओळखणारे प्रतिपिंड घ्यावयाचे आणि त्याच्याशी किती हॉर्मोन जोडले गेले हे किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने मोजावयाचे. (या कार्याबद्दल यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, बर्सन त्यापूर्वीच निवर्तले होते.) या पद्धतीत एक अडचण होती. जोडले गेलेले रेणू आणि मोकळे राहिलेले रेणू एकाच द्रवात तरंगत असत, आणि त्यांना वेगळे करण्याची खटपट मोठी होती. १९६७ साली कॅट व ट्रेगिअर यांनी ही खटपट फार सोप्या युक्तीने संपविली. त्यांनी प्रतिपिंड पॉलिस्टायरीनच्या नळीच्या आतल्या अंगाला चिकटू दिले. आता जोडले गेलेले ते नळीला चिकटलेले आणि मोकळे ते पाण्याबरोबर ओतून देण्याजोगे, अशी आपोआप विभागणी झाली. १९७१ साली स्टॉकहोम येथे एंगव्हाल व पर्लमन यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या जागी एंझाइम वापरले. पुढे शहाण्णव वाट्यांची प्लॅस्टिकची थाळी आली आणि ही चाचणी रुग्णालयांतून व रक्तपेढ्यांतून सर्वत्र रूढ झाली.

आपल्या भागाशी या विषयाचा संबंध जुना आहे. परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्गी वैद्यक केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि अवटू ग्रंथीच्या विकारांचा अभ्यास हे त्याचे आरंभापासूनचे एक प्रमुख कार्य राहिले. ठाणे जिल्ह्यातच, वाशी येथे, विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने या प्रकारच्या चाचण्यांचे संच तयार करून देशभर पुरविले. परदेशी संचाची किंमत ज्यांस परवडत नाही अशा रुग्णालयांना त्याचा मोठा आधार झाला. संच तयार करणाऱ्यास प्रतिपिंड उत्तम मिळवून भागत नाही, ते ज्यावर बसावयाचे ती नळीही तितकीच उत्तम लागते. ही दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानी सहसा येत नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. शोषण आणि अधिशोषण या दोन भिन्न क्रिया होत. वीट पाणी पिते तेव्हा पाणी तिच्या अंतर्भागात शिरते, ते शोषण होय. आरशावर धूळ बसते तेव्हा ती वरच राहते, काचेच्या आत जात नाही. रेणूंच्या बाबतीत असे घडले म्हणजे त्यास अधिशोषण म्हणतात. प्लॅस्टिकवर प्रथिनाचे होते ते अधिशोषणच.

आता पॉलिस्टायरीनकडे वळू. हे बहुवारिक, म्हणजे एकाच घटकाची हजारो वेळा पुनरावृत्ती होऊन बनलेली रेणूंची लांब साखळी. या साखळीत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज दुसरे काही नाही. पाण्याच्या रेणूला ज्याच्याशी दोस्ती करावी असा एकही गट तिच्यावर नसल्यामुळे पाणी तिच्यापासून अंग चोरते. अळवाच्या पानावरचे पाणी आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. अळवाच्या बाबतीत पानावरील मेणाबरोबर तेथील सूक्ष्म खडबडीतपणाही कारण असतो, त्यामुळे थेंब तेथे अगदी गोळीसारखा राहतो. सपाट पॉलिस्टायरीनवर थेंब इतका गोल होत नाही, तरी पसरतही नाही. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यास स्पर्शकोन म्हणतात, आणि स्वच्छ पॉलिस्टायरीनवर तो जवळजवळ ९० अंश असतो. अशा पृष्ठभागास जलविरोधी व पाणी ज्यावर पसरते त्यास जलस्नेही अशी संज्ञा आहे.

वाचकाची अशी समजूत होणे साहजिक आहे की, जो पृष्ठभाग पाण्यास दूर सारतो तो पाण्यात विरघळलेल्या प्रथिनासही दूर सारील. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. प्रथिनाचा रेणू ही अमिनो अम्लांची एक लांब माळ असून ती ठराविक रीतीने गुंडाळलेली असते. या गुंडाळीत जलस्नेही भाग सामान्यतः बाहेर व जलविरोधी भाग आत असतात. जलविरोधी प्लॅस्टिकजवळ असा रेणू आला म्हणजे त्याच्या पोटातील जलविरोधी भागांना प्लॅस्टिकला बिलगण्यात, आणि मधल्या पाण्याला तेथून निघून जाण्यात ऊर्जेच्या दृष्टीने लाभ असतो. म्हणून साध्या, काहीही प्रक्रिया न केलेल्या पॉलिस्टायरीनवरही प्रथिन भरपूर बसते, आणि एकदा बसले की सहजी सुटत नाही. कॅट व ट्रेगिअर यांची युक्ती साधली ती याच गुणामुळे.

परंतु या मिठीत प्रथिनाची गुंडाळी उलगडते. आतले भाग बाहेर येतात, रेणू पसरट होतो, आणि ज्या विशिष्ट आकारामुळे प्रतिपिंड आपल्या प्रतिजनाला ओळखतो तो आकारच नाहीसा होतो. १९९२ साली बटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीनवर बसविलेल्या प्रतिपिंडांची मोजदाद केली. एकाच पेशीवंशापासून मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रेणू केवळ चिकटल्यामुळे निकामी झाल्याचे त्यांना आढळले. आकड्यांत पाहावयाचे तर असे : थाळीच्या एका वाटीत भिजणारे क्षेत्र सुमारे एक चौरस सेंटिमीटर असते, आणि त्यावर साधारण २०० नॅनोग्रॅम प्रतिपिंड बसते. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील हे दोनशे भाग. रेणूंच्या हिशेबात ही संख्या सुमारे ८०,००० कोटी भरते. त्यांतील दहावा भागच कामाचा उरला, तर बाकीचे बहात्तर हजार कोटी रेणू नुसतेच जागा अडवून बसले असे होईल. प्रतिपिंड हा या संचातील महाग घटक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही उधळपट्टी किती आहे ते कळेल.

पृष्ठभाग बदलण्याची आवश्यकता येथे निर्माण होते, आणि आयनद्रायूचा प्रवेशही येथेच होतो.

वायूमधून पुरेशा दाबाची वीज गेली म्हणजे त्याच्या काही अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ऋण इलेक्ट्रॉन, धन आयन व उदासीन रेणू यांचे एक तेजस्वी मिश्रण तयार होते. पावसाळ्याच्या तोंडाशी येऊरच्या डोंगरावर चमकणारी वीज हा त्याचाच एक प्रकार, आणि ट्यूबलाइटच्या नळीत दिसतो तो दुसरा. या अवस्थेस प्लाझ्मा हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञास, ज्याप्रमाणे रक्तातील द्रव तांबड्या व पांढऱ्या पेशी वाहून नेतो त्याप्रमाणे हा विद्युन्मय द्रायू इलेक्ट्रॉन व आयन वाहून नेतो, असे साम्य दिसले, अशी आठवण त्यांचे सहकारी मॉट-स्मिथ यांनी पुढे नमूद केली आहे. योगायोग असा की घन पृष्ठावर रेणू कसे बसतात याचे पहिले समाधानकारक गणितही याच लँगम्यूरचे, आणि १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पृष्ठरसायनाबद्दलच मिळाले. एकाच माणसाने अधिशोषणाचे सूत्र द्यावे, प्लाझ्माचे नावही द्यावे, ते नाव रक्तावरून सुचावे, आणि पुढे त्या प्लाझ्माने घडविलेल्या पृष्ठावर रक्तातील प्रथिनेच तपासली जावीत, असा मेळ शास्त्राच्या इतिहासात विरळा. प्रथिनांना मात्र लँगम्यूर यांचे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. त्या सूत्रात रेणू बसतो तसा उठूनही जातो, आणि प्रथिन एकदा उलगडले की उठावयाचे नाव घेत नाही.

प्लॅस्टिकवर प्रक्रिया करावयाची ती विजेसारख्या प्रखर ज्योतीने करून चालणार नाही, कारण पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. त्यासाठी शीत आयनद्रायू वापरतात. एका बंद पेटीतील हवा पंपाने काढून घेऊन दाब वातावरणाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी करतात, तीत ऑक्सिजन, अमोनिया किंवा आर्गॉन यांसारखा वायू थोडा थोडा सोडतात, आणि बहुधा १३.५६ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेची विद्युत् शक्ती देतात. येथे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. इलेक्ट्रॉन अतिशय हलके असल्यामुळे विद्युत् क्षेत्रात त्यांचा वेग फार वाढतो आणि त्यांचे तपमान वीस-तीस हजार अंशांच्या घरात जाते. जड रेणूंना ते धडकतात, परंतु टेबलटेनिसच्या चेंडूने क्रिकेटच्या चेंडूला हलवावे इतकाच परिणाम होतो, आणि वायू एकंदरीत कोमटच राहतो. म्हणून इकडे रासायनिक बंध तुटत असता तिकडे प्लॅस्टिक वितळत नाही.

हीच क्रिया अधिक ओबडधोबड रीतीने, आणि निर्वात पेटीवाचून, आपल्या घरी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर झालेली असते. पॉलिएथिलीनच्या कागदावर छपाईची शाई धरत नाही. म्हणून छपाईपूर्वी तो कागद उच्च दाबाच्या विद्युत् विसर्जनाखालून नेतात, आणि त्याची पृष्ठऊर्जा सेंटिमीटरला ३१ डाइनच्या आसपास असते ती ३८ वा त्याहून अधिक झाली की शाई पक्की बसते. प्लॅस्टिकवर छपाई करणाऱ्या कारखानदाराला हे तंत्र उत्तम अवगत असते. त्याला प्रथिनाची फिकीर नसते इतकेच.

आता पृष्ठावर काय घडते ते पाहू. साखळीतील कार्बन व कार्बन यांमधील बंध तोडण्यास सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि कार्बन व हायड्रोजन यांमधील बंध तोडण्यास सुमारे ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. आयनद्रायूतील जलद इलेक्ट्रॉन, आयन आणि जंबुपार प्रकाश यांच्याजवळ ती असते. बंध तुटले की साखळीवर मुक्त मूलके तयार होतात. आयनद्रायू ऑक्सिजनचा असल्यास त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल, कार्बोनिल व कार्बॉक्सिल हे गट येतात. अमोनियाचा असल्यास अमिनो गट येतात. आर्गॉन निष्क्रिय असल्याने तो स्वतः जोडला जात नाही, परंतु मागे राहिलेली मूलके एकमेकांत जाळी विणतात, आणि पेटी उघडताच हवेतील ऑक्सिजनही ओढून घेतात. रासायनिक बदल प्रामुख्याने वरच्या काही नॅनोमीटरांपुरताच असतो. थाळीची पारदर्शकता, बळकटी, आकार यांत काडीचाही फरक पडत नाही. काही सेकंदांच्या प्रक्रियेने ९० अंशांचा स्पर्शकोन ३० अंशांच्याही खाली येऊ शकतो, आणि अंग चोरणारा थेंब पसरून जातो.

पाणी पसरू लागले म्हणजे प्रथिन चांगले बसेल, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. या विषयावरील लिखाणात हा घोटाळा वारंवार दिसतो. स्पर्शकोन मोजणे सोपे आहे, म्हणून तोच मोजला जातो आणि तोच यशाचे माप ठरतो. अत्यंत जलस्नेही आणि विद्युत् भाररहित पृष्ठ, उदाहरणार्थ पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण असलेले, प्रथिनास जवळजवळ उभेच करीत नाही, कारण त्यावरील पाण्याचा थर हलविणे प्रथिनास परवडत नाही. म्हणजे ओलसरपणाच्या एका टोकाला प्रथिन बसते पण बिघडते, दुसऱ्या टोकाला बिघडत नाही पण बसतही नाही. हवे असते ते मधले काहीतरी, आणि ते मधले स्थान प्रत्येक प्रथिनास वेगळे. सामान्य शारीरिक द्रवाचा पीएच सुमारे ७.४ असता अल्ब्युमिनवर ऋण भार असतो. ऑक्सिजनने उपचार केलेले पृष्ठही ऋण, म्हणून तेथे त्याला थोडा विरोध होतो. अमोनियाने उपचार केलेले पृष्ठ धन, म्हणून तेथे आकर्षण. शिवाय अमिनो वा कार्बॉक्सिल गट मिळाला की प्रथिनास केवळ चिकटू देण्याऐवजी रासायनिक बंधाने बांधता येते. तसे केल्यास त्याची मिठी सैल तरीही पक्की राहते, आणि उलगडण्याचा धोका कमी होतो. माझ्या मते आयनद्रायूचा या क्षेत्रातील खरा उपयोग हाच आहे. प्रथिनाचे वजन वाढविणे हा त्याचा दुय्यम गुण होय.

एकाच प्रथिनाचा हा विचार झाला. रक्तात तर शेकडो प्रथिने असतात आणि ती एकाच जागेसाठी धावतात. संख्येने अधिक व आकाराने लहान असलेली आधी पोहोचतात, आणि मागाहून येणारी, पण पृष्ठाची अधिक ओढ असलेली, त्यांना उठवून आपण बसतात. लिओ व्ह्रोमन यांनी ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिली, आणि तिला त्यांचेच नाव मिळाले आहे. हे गृहस्थ डच भाषेतील नामांकित कवीही होते. पेशीसंवर्धनाच्या थाळ्यांत या स्पर्धेचा निकाल डोळ्यांना दिसतो. साध्या पॉलिस्टायरीनवर बहुतेक प्राणिपेशी धरत नाहीत, कारण तेथील जागा अल्ब्युमिनने बळकावलेली असते. आयनद्रायूचा वा विद्युत् विसर्जनाचा उपचार झालेल्या थाळीवर फायब्रोनेक्टिन व व्हिट्रोनेक्टिन ही पेशींना आधार देणारी प्रथिने टिकून राहतात, आणि पेशी त्यांच्यावर पाय रोवून पसरतात.

स्थैर्याचा प्रश्न निराळा, आणि व्यवहारात तोच जास्त छळतो. उपचार केलेले पृष्ठ हवेत ठेवले की हळूहळू मूळ पदावर येऊ लागते. ध्रुवीय गट असलेले साखळीचे तुकडे कूस बदलून आत वळतात व जलविरोधी भाग वर येतात. पॉलिस्टायरीनमध्ये हे परिवर्तन अपुरे व सावकाश, दिवसांच्या व आठवड्यांच्या हिशेबाने होते. सिलिकोन रबरात ते काही तासांतही दिसते. उष्णतेने त्याला वेग येतो. मे महिन्यात ठाण्याच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या थाळीचा पृष्ठभाग, ती कारखान्यातून निघाली तेव्हा होता तसाच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ज्यास प्रथिन बसवावयाचे आहे त्याने उपचारानंतर शक्य तितक्या लवकर ते बसवावे. एकदा ते बसले की त्याच्याखालचे गट सहजासहजी वळत नाहीत.

उलट, अधिक काळ उपचार केल्याने अधिक फळ मिळते असेही नाही. साखळ्या फार तुटल्या म्हणजे ऑक्सिजनयुक्त लहान लहान तुकडे पृष्ठावर सैल पडून राहतात. प्रतिपिंड त्यांच्यावर बसते, आणि थाळी धुताना त्या तुकड्यांसह वाहून जाते. स्पर्शकोन मोजणाऱ्यास असा पृष्ठ सर्वोत्तम वाटेल! म्हणून उपचारानंतर पृष्ठ पाण्याने धुवावे आणि मगच मापन करावे.

तिसरा दोष असमानतेचा. पेटीतील आयनद्रायू कडांजवळ व मध्यभागी सारखाच नसतो, आणि वाटीच्या तळाशी व भिंतीवरही सारखा पोहोचत नाही. थाळीच्या कोपऱ्यातील वाटीत एका रुग्णाचे रक्तद्रव व मधल्या वाटीत दुसऱ्याचे असते, आणि दोघांची तुलना एकाच प्रमाणरेषेशी केली जाते. वाटीवाटींत दहा टक्के फरक पडला तर रोगाच्या सीमारेषेवर असलेला माणूस वाटी बदलल्याने निरोगी किंवा रोगी ठरेल. थोडे कमी पण सर्वत्र सारखे बसणारे प्रथिन हे भरपूर पण कमीजास्त बसणाऱ्या प्रथिनापेक्षा चाचणीच्या दृष्टीने केव्हाही श्रेयस्कर.

महाराष्ट्रात या विद्येची पायाभरणी झालेली आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जी पूर्वी मुंबई विद्यापीठाचा विभाग होती, आर. आर. देशमुख व एन. व्ही. भट यांनी पॉलिएस्टरच्या फिती शीत आयनद्रायूत ठेवून त्यांची चिकटण्याची व छपाई धरण्याची शक्ती कशी वाढते याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात सुधा भोरसकर यांनी आयनद्रायूवर संशोधन केले. वर्तकनगरला लागून असलेल्या जेकेग्रामात रेमंडची लोकर गिरणी कित्येक दशके चालली, त्या लोकरीचेही येथे स्मरण होते. लोकर हे स्वतःच प्रथिन, परंतु तिच्या तंतूवर मेदाचा एक अतिसूक्ष्म थर असल्याने पाणी तिच्यावर चटकन मुरत नाही. तो थर क्लोरिनऐवजी आयनद्रायूने काढावा या दिशेने वस्त्रोद्योगात प्रयोग झाले आहेत. प्रथिनावर मेद, आणि तिकडे प्लॅस्टिकवर प्रथिन : आयनद्रायूला दोन्ही सारखेच, तो वरचे काही नॅनोमीटर पाहतो.

छपाई व वस्त्र यांपासून रक्तचाचणीपर्यंत येण्यास पेटी किंवा पंप नवे लागत नाहीत. मापन नवे लागते. उपचार केलेल्या प्रत्येक खेपेतील काही वाट्यांत पाण्याचा थेंब पाहण्याऐवजी ज्ञात प्रमाणाचे प्रतिपिंड घालावे, धुवावे, त्यावर ज्ञात प्रमाणाचा प्रतिजन घालावा, आणि बसलेल्या रेणूंपैकी किती रेणू प्रतिजन धरतात हे गुणोत्तर काढावे. तेच मापन महिनाभर उष्ण खोलीत ठेवलेल्या थाळीवर, आणि कोपऱ्यातील व मधल्या वाट्यांवर स्वतंत्रपणे, पुन्हा करावे. एका थाळीला यासाठी दोन दिवस व काही मायक्रोग्रॅम प्रतिपिंड पुरते.